मागच्या खोलीसाठी फर्नेस

आमचा फर्नेस मेला तेव्हा तो उत्तम चालत होता. दर ऑक्टोबरात तपासणीला येतो तसा माणूस आला, तळघरात उतरला, टॉर्च मारून बराच वेळ आत बघत बसला आणि वर येऊन म्हणाला, आतल्या पत्र्याला तडा गेलाय, जळका गॅस घरात यायला लागेल. मी म्हटलं, पण घर तापवतोय, मस्त चालतोय की. तो म्हणाला, म्हणूनच बंद केला. फर्नेसच्या पोटावर लाल चिठ्ठी चिकटवून आणि गॅसचा नळ फिरवून तो निघून गेला. मी खाली जाऊन ती चिठ्ठी वाचली. निधनवार्तेत असतो तेवढाच मजकूर होता.

अमेरिकेत, ॲन आर्बरमधलं आमचं घर जुनं आहे. घेताना एजंट म्हणाला होता, या घराला कॅरेक्टर आहे. मला तो शब्द फार आवडला. बायकोनं त्याचा अर्थ तेव्हाच सांगितला होता: कॅरेक्टर म्हणजे दुरुस्ती. लाकडी जमिनी, त्यांत जागोजाग लोखंडी नक्षीच्या जाळ्या, जाळ्यांखाली पत्र्याचे डक्ट, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी तळघरात हा फर्नेस, हत्तीच्या आकाराचा आणि हत्तीच्याच वयाचा. त्याची गरम हवा घरभर फिरे. फक्त मागच्या खोलीत ती पोचायची नाही. आणि मागच्या खोलीत आई राहायची.

वडील गेल्यापासून आई आमच्याकडे असते. म्हणजे कागदोपत्री असते. गेल्या हिवाळ्यात ती जानेवारीतच सांगलीला आपल्या धाकट्या बहिणीकडे निघून गेली. खोली फार गार आहे रे, म्हणाली. यंदा आली तेव्हा मी विषय काढला, की आता या वयात असं ये-जा करणं बरं नाही, तू इथेच राहा. तिनं जरा विचार केला आणि अट घातली: "खोली गरम झाली तर राहते. नाहीतर फेब्रुवारीत माझं तिकीट काढ."

मला अटी आवडतात. मी सॉफ्टवेअरवाला आहे. कोणी अट घातली की माझ्या जिवाला बरं वाटतं, आता फक्त ती पूर्ण करायची. त्यामुळे फर्नेस मेल्याचं मला मनातून फारसं दुःख झालं नाही. नवा फर्नेस येणार, मागची खोली गरम होणार, आई राहणार. मी एक्सेल उघडलं.

त्या एक्सेलबद्दल घरात अजून बोललं जातं. एका बाजूला फर्नेसची मॉडेलं, वर त्यांचे गुण, आणि प्रत्येक गुणाला मी ठरवलेलं वजन. आवाज किती, वॉरंटी किती, गॅस किती खातो, फोनवरून चालतो का. बायको मागून येऊन बघून गेली.

"माझ्या वेळी तू एक फोटो बघून हो म्हणालास," ती म्हणाली. "त्यातही माझे डोळे मिटलेले होते."

"म्हणून तर आता शहाणा झालोय."

"बोल अजून. तुझ्या शीटमध्ये आवाजाचा कॉलम आहे ना?"

फर्नेसपेक्षा तो बसवणारा माणूस महत्त्वाचा, असं सगळीकडे वाचायला मिळालं. म्हणून मी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस. प्रत्येकाकडे आपापला माणूस होता आणि तो "एकदम बेस्ट" होता. का बेस्ट, हे कोणालाच सांगता येईना. एकानं लिहिलं, आमच्याकडे आला तेव्हा त्यानं उपमा मागून खाल्ला. दुसऱ्यानं त्याच माणसाबद्दल लिहिलं की तो फोन उचलत नाही. मग कोणीतरी विचारलं की उकडीच्या मोदकांची पिठी कुठे मिळेल, आणि पुढची सगळी चर्चा पिठीवर झाली. ती फर्नेसच्या चर्चेपेक्षा नेमकी होती, हे कबूल करायला हवं.

शेवटी दोघांना बोलावलं.

पहिला एका मोठ्या कंपनीचा. तरतरीत, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट. दारातच त्यानं बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. मला हा फार सुसंस्कृतपणा वाटला. आई स्वयंपाकघरातून बघत होती.

"वरून पिशव्या घातल्या म्हणजे बूट निघाले का रे?" तिनं विचारलं.

"आई, त्याला घाण लागू नये म्हणून असतं ते."

"त्याला का आपल्याला?"

हा प्रश्न मी भाषांतरित केला नाही. आईच्या खोलीत तिचे देव आहेत. खिडकीखाली चौरंग, चौरंगावर जमिनीपर्यंत येणारं लाल वस्त्र, त्यावर देव आणि समोर दिवा. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही, म्हणून चौरंगासमोर एक बुटकं स्टूल. त्या खोलीत पायांत काही घालून कोणी जात नाही, आमची मुलगीसुद्धा नाही, आणि ती एरवी कोणाचं ऐकत नाही. त्यामुळे पिशवीवाला उंबऱ्यातच थांबला. त्याच्याकडे लांबी मोजायचं एक यंत्र होतं, लाल ठिपका मारणारं. तो त्यानं दारातूनच इकडेतिकडे फिरवला. ठिपका भिंतीवरून घसरत गणपतीच्या सोंडेवर येऊन थांबला. आईनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"ही खोली डक्टच्या अगदी टोकाला आहे," तो म्हणाला. "जोर पोचत नाही. तुम्हाला मोठा फर्नेस लागेल." मग त्यानं टॅबलेटवर घराचं चित्र दाखवलं. प्रत्येक खोलीत एक छोटा सेन्सर ठेवायचा, फोनवर रंग दिसणार: गरम खोली नारिंगी, गार खोली निळी. आणि ही यंत्रणा घराच्या सवयी हळूहळू शिकून घेते, असंही म्हणाला. मी विरघळलो. माझ्या शीटमध्ये इतक्या सगळ्या रकान्यांत एकदम हिरवा रंग भरणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

दुसरी एक बाई होती. स्वतःची व्हॅन, स्वतःचा धंदा, माझ्याच वयाची. अर्धा तास उशिरा आली आणि आल्याआल्या स्वतःच्या सासूच्या घरातल्या बॉयलरची गोष्ट सुरू केली, ती तळघरात संपेना म्हणून वर येऊनही चालूच राहिली. आईनं तिला आल्याचा चहा दिला. आल्यासाठी आमच्याकडे तेव्हा चीज किसायची किसणी वापरत, कारण आईनं सांगलीहून हातसामानात घालून आणलेला लोखंडी खलबत्ता गेल्या वर्षीच कुठेतरी हरवला होता. विमानतळावर त्यानं इतका गोंधळ घातला होता, आणि घरात येऊन मात्र गडप झाला. बायकोनं तो सगळीकडे शोधला. बाईनं चहा प्यायला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी कप रिकामा केला.

मग ती एकेका खोलीत जाऊन जमिनीवर गुडघे टेकून प्रत्येक जाळीवर हात ठेवून बघू लागली. फर्नेस बंद होता, तेव्हा ती काय बघतेय मला कळेना. मागच्या खोलीच्या दाराशी मी म्हटलं, इथे आईचे देव आहेत, सॉरी, बूट चालत नाहीत.

"नो प्रॉब्लेम," म्हणून ती तिथेच खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. घोट्याच्या वरपर्यंत नाड्यांचे कामाचे बूट होते. एका बुटालाच बराच वेळ लागला, आणि ती गुडघा धरून कण्हलीही. मला फार संकोच झाला. आपल्या घरात पाहुण्यानं जमिनीवर बसून कण्हावं हे बरं दिसत नाही.

"राहू द्या, राहू द्या," मी म्हटलं. "दारातून दिसतं की सगळं."

आतून आईही घाईघाईनं म्हणाली, "अरे, राहू दे म्हणावं तिला. दुखत असतील गुडघे तिचे."

बाईनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग नाडी पुन्हा बांधायला घेतली. "जिथे मी उभी राहिले नाही त्या खोलीबद्दल मी बोलत नाही," ती म्हणाली. "फर्नेस तुम्हाला छोटासुद्धा पुरेल. त्या खोलीतली जाळी तुम्हीच तपासा आणि मला कळवा. मग पुढचं सांगते."

तिचा कागद आला तेव्हा त्यात सगळ्या खोल्या होत्या आणि मागच्या खोलीपुढे नुसती रेघ. माझ्या शीटमध्ये रेघेला गुण नव्हते.

"हिलाच दे काम," बायको म्हणाली.

"का?"

"बूट काढत होती."

"हा काय निकष झाला? ज्या खोलीसाठी एवढं चाललंय त्याच खोलीबद्दल तिचं उत्तर नाही."

"मग जाळी बघ आणि सांग तिला."

"जाळी आहेच गं. प्रत्येक खोलीत आहे."

मी पिशवीवाल्याला होकार कळवला. शीटमध्ये तो बराच पुढे होता. त्या शीटला वजनं मीच दिली होती, हे कोणी लक्षात आणून दिलं नाही, आणि आपणहून लक्षात येण्याचा माझा स्वभाव नाही.

नवा फर्नेस बसला. जुन्या हत्तीच्या जागी एक सडपातळ पांढरं कपाट आलं. घर असं तापलं की काही विचारू नका. मुलगी ऐन थंडीत अर्ध्या चड्डीत फिरू लागली. बायकोचं दही दुपारपर्यंतच आंबून जायला लागलं. माझ्या फोनवर सगळ्या खोल्या नारिंगी झाल्या. मागची मात्र निळी.

"बाबा, आजीज रूम इज स्टिल ब्लू," मुलीनं जेवताना जाहीर केलं.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडून अत्यंत गोड आवाजात सांगण्यात आलं, की धीर धरा, सिस्टिम शिकतेय.

मी धीर धरला. सिस्टिम शिकत राहिली. आई खोलीत दोन स्वेटर, शाल आणि वडिलांची कानटोपी घालून बसे. वाजतेय का थंडी, असं मी रोज विचारायचो. थोडी, असं ती रोज म्हणायची. विजेचा एक छोटा हीटर आणून दिला तर तो डोक्यात आवाज करतो म्हणून तिनं बंद करून ठेवला. आणि रोज सकाळी बहिणीशी फोन. सांगलीत पाणी किती वाजता आलं, वरच्या मजल्यावरच्या बाईची टाकी पुन्हा वाहिली का, कोणाच्या सुनेनं काय उत्तर दिलं. बोलता बोलता तिचा आवाज चढायचा, दोघी मिळून कोणाला तरी नावं ठेवायच्या आणि खिदळायच्या. फोन ठेवला की ती बाहेर येऊन आज भाजी काय करायची असं विचारायची, अगदी पाहुण्यासारखं.

दिवाळीच्या आधी देव घासायचे निघाले. आईनं पितळेचे देव ताम्हनात उतरवले, चिंच भिजत घातली, आणि बायकोनं मला सांगितलं की चौरंग जरा बाजूला घे, खालचं पुसून काढते. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. मी दिवा आधी खिडकीत ठेवला, लाल वस्त्र गोळा केलं आणि चौरंग उचलला.

खाली एक पाट होता. पाटावर खलबत्ता.

"अगं, हा बघ!" मी ओरडलो. बायको धावत आली. मग मी तो उचलला, पाट उचलला, पाटाखाली चार घड्या घातलेली सतरंजी होती ती ओढली, आणि जमिनीतल्या नक्षीदार जाळीतून गरम हवेचा असा झोत तोंडावर आला की माझा चष्मा धुरकटला.

"ठेव, ठेव! दिवा विझेल!" आई दारात उभी होती. हात चिंचेनं बरबटलेले.

दिवा खिडकीत होता आणि खरंच फडफडत होता.

"आई, ही जाळी झाकली होती?"

"मग? सारखा वारा येतो तिथून. दिवा टिकतच नाही. गेल्या वर्षी आल्या आल्या झाकली. नुसत्या सतरंजीनं भागेना, ती उडायची, म्हणून वजन ठेवलं."

"अगं, तो गरम वारा आहे. त्यासाठीच तर सगळं—"

"असेल गरम. वारा तो वाराच."

बायकोनं खलबत्ता उचलून पोटाशी धरला होता. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या खांद्यांवरून मात्र कळत होतं की ती हसतेय. इतकं मोठं मशीन तळघरात बसवून मी आजवर एका खलबत्त्याच्या बुडाला ऊब देत होतो.

देव आम्ही समोरच्या भिंतीला मांडले. आईनं फार खळखळ केली नाही. दिशा जरा चुकते, म्हणाली इतकंच. तासाभरात खोली नारिंगी झाली. मुलीनं टाळ्या वाजवल्या. आईनं कानटोपी काढली, मग शाल, मग एक स्वेटर. मी दारात उभा राहून हे सगळं असं बघत होतो, जणू उष्णतेचा शोध मीच लावलाय. आल्याचा चहा झाला, खलबत्त्यात ठेचलेल्या आल्याचा. बायको म्हणाली, त्या बाईला कळव. मी हो म्हटलं आणि कळवलं नाही.

दोन-चार दिवसांनी सकाळी मी आईच्या खोलीवरून जात होतो. दार अर्धवट उघडं, फोन स्पीकरवर.

"खोली काय झकास गरम केलीय गं त्यानं," आई बहिणीला सांगत होती. "हो ना. अगदी उकडतं म्हणेनास. हो. हो ना." पलीकडे मावशीचा आवाज खरखरला. "तेच तर. आता काय सांगून यायचं, तूच सांग."

मावशी पुढे काय बोलली ते त्या खरखरीत कळलं नाही. दोघी हसल्या नाहीत, एवढं ऐकू आलं.

मी पुढे निघून गेलो. ऑफिसचा कॉल होता, त्यात मी काय बोललो ते आठवत नाही, पण कोणाला फरक पडल्याचं दिसलं नाही. दुपारी तळघरात उतरलो. पांढरं कपाट अगदी हळू घूं करत होतं. आवाजाच्या रकान्यात त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते. तिथे उभं राहून मी तिची अट पुन्हा आठवून बघितली. खोली गरम झाली तर राहते. अट अगदी स्पष्ट होती. फक्त ती घालताना खोली गरम होणार नाही याची व्यवस्था तिनं आधीच करून ठेवलेली होती, देवाच्या पायाशी, लोखंडी वजन ठेवून. दिव्यासाठी म्हणून ठेवलं हेही खरंच असणार. आई खोटं बोलत नाही. एका कारणावर दुसरं ठेवते, एवढंच.

बूट काढणाऱ्या बाईला दारातूनच कोणी परतवून लावलं, तेही मला आठवलं.

त्या संध्याकाळी आईच्या दारातून जाताना मुद्दाम सहज वाटेल असं म्हणालो, "देव तिकडे बरे वाटत नाहीत का गं? पूर्वीच्या जागी हवे असतील तर ठेव."

"बघते," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी बायको स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. "खलबत्ता कुठाय? आत्ता काल इथे ओट्यावर होता."

मुलगी फोनमध्ये बघत आली. "बाबा, आजीज रूम इज ब्लू अगेन. शुड वी कॉल देम?"

"नको," मी म्हटलं. "सिस्टिम शिकतेय."

बायको वळली. माझ्याकडे बघितलं, मग मागच्या खोलीच्या दिशेनं बघितलं. तिकडून घंटेचा बारीक आवाज येत होता. पूजा संपवून आई बाहेर आली. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी.

"आई, फेब्रुवारीची तिकिटं आत्ताच बघून ठेवायला हवीत," मी म्हटलं. "नंतर मिळत नाहीत."

ती खुर्चीत बसली. टेबलावरचं वर्तमानपत्र सरळ केलं. ते सरळच होतं.

"बघ बाबा. तू एवढं केलंस, पण ती खोली काही तापत नाही."

"हो ना. जुनं घर आहे."

"जुन्याला काय करणार," आई म्हणाली. मग वर्तमानपत्राची घडी घालत, "उन्हाळ्यात येते. तेव्हा मला इथे फार आवडतं."

"ये की."

बायकोनं एव्हाना गॅसवर पाणी चढवलं होतं. आल्याचा तुकडा पोळपाटावर ठेवून तिनं लाटणं उचललं आणि तो ठेचला.